झांज नव्हे, जॅझ

सिल्वासात आम्हा मराठी लोकांचा गणपती बसतो, आणि त्यात एक संध्याकाळ 'स्थानिक कलावंतां'ची असते. एका वर्षी त्यांना माझी आठवण झाली. प्रशासनातून निवृत्त झालेले एक साहेब अध्यक्ष होते. त्यांनी माइक हातात घेऊन गंभीर आवाजात जाहीर केलं, "आता आपल्यासमोर येत आहेत सुप्रसिद्ध झांजवादक श्री. सुभाषराव!"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात झांज नव्हती. गळ्यातल्या पट्ट्याला हत्तीच्या सोंडेसारखं वळलेलं, भोकाभोकाला झाकणं असलेलं एक पितळी प्रकरण लटकत होतं. मी अध्यक्षांच्या कानाशी लागलो, "साहेब, जॅझ. जॅझ." त्यांनी मान डोलावली, पुन्हा माइक घेतला आणि म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. झांज नव्हे, जहाज."

मग मी वाजवायलाच सुरुवात केली.

जॅझ म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोक विचारत आले. त्यांना मी भजनाचं उदाहरण देतो. बुवा अभंग धरतो. चाल सगळ्यांना पाठ असते. मग बुवा मध्येच चाल सोडून रानात निघतो. पखवाजवाला त्याच्या मागे, पेटीवाला हाका मारत त्याच्याही मागे. ऐकणारे कासावीस, की हा बाबा आता परत येतो का नाही! आणि तो नेमका वेळेवर विठ्ठलाच्या पायाशी येऊन उभा राहतो. जॅझ एवढंच आहे. फक्त शेवटी विठ्ठल नसतो, बहुतेक वेळा बार असतो.

आणि माझं वाद्य सॅक्सोफोन. अंगानं अख्खं पितळेचं, पण गणना होते लाकडी वाद्यांत, बासरी-क्लॅरिनेटच्या भावकीत. कारण त्याचा आवाज निघतो तो तोंडाशी बांधलेल्या बोरूसारख्या एका पातळ पट्टीतून. तिला रीड म्हणतात. जात पडताळणी समितीसमोर उभा केला तर सॅक्सोफोन नापास होईल. वरचे दात माऊथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली घालायचा, चहूबाजूंनी आवळायचं आणि पोटातून फुंकायचं. दातांचं नीट लक्षात ठेवा, पुढं माझी सगळी अब्रू दातांवरच आली.

मी मूळचा अमळनेरकडचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मी उंच म्हणून माझ्या गळ्यात सॅक्सोफोन आला, निवडबिवड काही नाही. मी घर सोडून सिल्वासाला निघालो तेव्हा वडील अहिराणीत म्हणाले, "पोटमा हवा शे तवलोंग वाजाडी ले." पोटात हवा आहे तोवर वाजवून घे. हा आशीर्वाद होता की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सिल्वासाजवळ मसाटला सूत पीळ देऊन फुलवण्याच्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो. कलावंत मंडळी लिहितात की यंत्रांच्या ठेक्यातून त्यांना लय सापडली. मला तसलं काही सापडलं नाही. यंत्रांनी मला फक्त ओरडून बोलायला शिकवलं. माझ्या बायकोच्या, मंदाच्या, माहेरचे लोक रत्नागिरीकडचे. ती इथल्या मराठी शाळेत मास्तरीण. स्थळ बघायला आले तेव्हा मी 'फॅक्टरीत फिटर' होतो, आणि ते अगदी खरं होतं. पलंगाखालच्या पेटीत काय आहे हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी ती पेटी उघडली तेव्हा मंदा म्हणाली, "मला वाटलं यात हत्यारं असतील." थोडं ऐकल्यावर म्हणाली, "तशी ती हत्यारंच आहेत."

लुईस अंकल भेटले ते गालगुंडांमुळे. ते दमणचे, पियानो वाजवायचे. चर्चमधल्या लग्नांना त्यांचा वाद्यवृंद इथे यायचा. एका लग्नात त्यांच्या सॅक्सोफोनवाल्याला ऐनवेळी गालगुंडं झाली. दोन्ही गाल फुगलेला माणूस सॅक्सोफोन वाजवतोय असं दिसतं खरं, पण वाजवू शकत नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं, मसाटला एक फिटर आहे. मी धावतच गेलो, बँडचा लाल कोट घालून, खांद्यावर सोनेरी झालरी. अंकल काळ्या सुटात होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "क्या मेन, तू बँडवाला आहे की सर्कसवाला?"

मी खानदेशी पद्धतीनं वाजवलं. म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. गाणं संपल्यावर अंकल म्हणाले, "ब्युटिफुल. बारातमध्ये तू हजार लोकांसाठी वाजवतो. आता एकासाठी वाजव. ती बघ." त्यांनी हनुवटीनं एक म्हातारी दाखवली. निळा झगा, मांडीवर बशी, केक खात बसली होती. मी आवाज उतरवला. अजून उतरवला. वाद्याचा आवाज वाढवणं गाढवालाही जमतं, पण तो कमी करायला सगळं अंग लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारी चावतच होती. मी फक्त तिच्याकडे बघून वाजवत राहिलो. आणि एका जागी तिचं चावणं थांबलं. तोंडात केक तसाच, नजर कुठेतरी दूर. मग तिनं घास गिळला आणि पुढचा तुकडा उचलला.

माझ्या आयुष्यातला तो पहिला पुरस्कार. दुसरा अजून यायचाय.

त्यानंतर मी रविवार आला की दमणची बस धरू लागलो. अंकलच्या घरी शिकणं म्हणजे अंकलच्या शिव्या खाणं. पोर्तुगीज शिव्या मला कळत नव्हत्या, पण सूर अचूक लागायचा. वर्षं गेली, कारखान्यात मन लागेना, आणि एक दिवस मी नोकरी सोडली. मंदा शांतपणे म्हणाली, "एकाचा पगार चालू आहे तोवर दुसऱ्यानं कलावंत व्हायला हरकत नाही. पण दोघंही झालो तर पोरं उपाशी मरतील, म्हणून मी होत नाही." इतक्या वर्षांत माझ्या कलेबद्दल कोणी याहून नेमकं बोललेलं नाही.

आम्हाला कायमचं काम मिळालं ते दमणगंगेच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये. मालक हसमुखभाई, सुरतचे. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवारी दुपारपासून सुरत-वापीच्या गाड्या आमच्या केंद्रशासित हद्दीत शिरायच्या. हसमुखभाईंना वाटायचं की नुसती दारू दिली तर तो गुत्ता होतो, आणि कोपऱ्यात सॅक्सोफोन उभा केला की त्याचा क्लब होतो. बाहेर फलक लागला, 'लाइव्ह जॅझ'. आत अंकल कीबोर्डवर, मी सॅक्सोफोनवर, आणि राखोलीच्या प्लास्टिक कारखान्यातला राकेश ड्रमवर. राकेशला जॅझ आवडत नव्हता. त्याला ड्रम आवडायचे. तेवढं पुरतं.

फर्माइशी यायच्या. गरबा वाजवा. वाढदिवसाचं वाजवा. एका गृहस्थांनी चिठ्ठी न पाठवता स्वतः येऊन विनंती केली, "जरा बंद करा ना, मॅच लागली आहे." अंकल सगळ्यांना "शुअर, शुअर" म्हणायचे आणि हवं तेच वाजवायचे. गरब्याची फर्माइश आली की गरबाच सुरू करायचे, पण थोड्या वेळात तो अशा गल्लीत घुसायचा की नाचायला उठलेले लोक एकेक करून खाली बसायचे.

एक माणूस मात्र आमचा होता. वापीचे रसायनांचे व्यापारी, पन्नाशी उलटलेले. दर शनिवारी अगदी समोरचं टेबल. मी वाजवायला लागलो की ते डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावर अशी शांती पसरायची की माझ्याच अंगावर काटा यायचा. मी मंदाला सांगितलं, "अख्ख्या दक्षिण गुजरातेत एक जाणकार आहे, आणि तो माझ्यासमोर बसतो." शेवटी एकदा मध्यंतरात मी त्यांच्या टेबलाशी गेलो, नमस्कार केला. म्हटलं, "शेठ, तुम्ही ऐकता तसं कोणी ऐकत नाही."

त्यांनी "एक मिनिट" अशी खूण केली, खिशातून काहीतरी काढून कानात बसवलं, आणि म्हणाले, "हां, अब बोलो. क्या है, ये मशीन मैं यहाँ आके निकाल देता हूँ. हफ्ते में एक दिन शांति मिलती है."

अंकल हे ऐकून कीबोर्डवर डोकं टेकवून हसले. कीबोर्डमधून जो विचित्र आवाज निघाला, त्याला टाळ्या पडल्या.

आता दात.

रिसॉर्ट शनिवारचं, पण लग्नसराईत मी अजूनही वरातींना जायचो. मसाटच्या एका वरातीत नवरदेवाची घोडी माझ्या अगदी पाठीशी होती. मी तिच्याकडे पाठ करून नाचणाऱ्यांकडे तोंड करून वाजवत होतो, मनापासून, डोळे मिटून. पायाशी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडीनं मान उडवली ती थेट माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला. डोकं पुढे, सॅक्सोफोन जागच्या जागी, आणि मधे माझे दात. वरचे पुढचे दोन दात तिथंच रस्त्यावर पडले. नवरदेव वाचला, वरात पुढे गेली. मला आठवतं ते एवढंच, की एक वऱ्हाडी वाकून म्हणाला, "उस्ताद, सुर गया क्या?" आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, "नहीं रे, दाँत गया."

हसू तेव्हा मलाही आलं. रडू घरी आल्यावर आलं. पायानं अधू झालेला माणूस बसून पेटी वाजवील. सॅक्सोफोनवाल्याचे वरचे दात गेले की माऊथपीस टेकवायला जागाच उरत नाही. आरशासमोर उभा राहून मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आणि थुंकी. मंदा दारात येऊन उभी राहिली. तिनं त्या आवाजाला आयुष्यभर नावं ठेवली होती. त्या दिवशी तो आवाज येत नव्हता तर ती म्हणाली, "उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं. शाळेला मी रजा टाकते."

डॉक्टर तरुण होते, उत्साही. त्यांना असला रुग्ण पहिल्यांदाच मिळाला होता. म्हणाले, "वाद्य घेऊन या. बसवून बघू, वाजवून बघू." मग मी त्यांच्या खुर्चीत आडवा, तोंडात ओली कवळी, गळ्यात सॅक्सोफोन, आणि डॉक्टर म्हणताहेत, "हं, आता फुंका." मी फुंकलं. रेड्याला चिमटा काढल्यासारखा आवाज निघाला. बाहेर बसलेल्या रुग्णांना आत काय चाललंय हे दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मंदानं नंतर सांगितलं की दोघं जण उठून निघून गेले आणि एका बाईंचं दुखायचंच थांबलं.

कवळी बसली. खायला उत्तम, बोलायला बरी, वाजवायला वैरीण. फुंकलं की थरथरायची, वरच्या सुरांना शीळ घालायची. एकदा सुटून माऊथपीसला चिकटून बाहेर आली. मी घरी रोज झगडत होतो. खालचे चार-पाच सूर कसेबसे धरता यायला लागले, त्याच्या वर गेलं की कवळी नाचायची. तिकडे शनिवार मोकळे जात होते.

मग हसमुखभाईंचा निरोप आला. मी गेलो तर त्यांनी माझ्यासमोर एक पेनड्राइव्ह ठेवला. "सुभाषभाई, इसमें सब है. विलायत का माल है. आप खाली खड़े रहो, बाजा मुँह पे रखो, उँगली चलाओ. गराक को क्या मालूम?"

मी म्हटलं, "आणि अंकल?"

"उनको भी बोलो, हाथ चलाएँ. राकेश भी धीरे धीरे मारेगा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच शब्दांना शीळ आली. त्या क्षणी मला वाटलं, दात नसलेल्या सॅक्सोफोनवाल्याला निदान उभं राहायला जागा मिळतेय. मी मान हलवली. अंकलना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ओके मेन. येतो मी."

तो शनिवार. हॉल भरलेला. पेनड्राइव्ह सुरू झाला आणि स्पीकरमधून कोणा परक्या देशातल्या, सगळे दात शाबूत असलेल्या माणसाचं वाजवणं बाहेर पडू लागलं. मी बोटं चालवत होतो. काय सांगू, इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं! पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा जास्त. एक जण येऊन माझ्यासोबत फोटो काढून गेला. हसमुखभाई दारातून अंगठा दाखवत होते. मी वाकून नमस्कार केला आणि मला वाटलं, मी मेलोय आणि माझ्याच तेराव्याला जेवायला बसलोय.

दुसरं गाणं मध्यावर आलं होतं. अंकल शांतपणे उठले. त्यांनी चष्मा सारखा केला, यंत्रातून पेनड्राइव्ह उपटला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि परत जाऊन कीबोर्डसमोर बसले.

हॉलमध्ये एकदम शांतता. काटे-चमचेसुद्धा थांबले. राकेश काठ्या हवेत धरून माझ्याकडे बघतोय. मी अंकलकडे.

"अंकल, मला येणार नाही," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"तुला जेवढा येते तेवढा वाजव. बाकी मी हाय ना."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ओळखीची चाल, पण खूप सावकाश, खूप खाली, माझ्या कवळीला झेपेल अशा पट्टीत आणून ठेवलेली. मी फुंकलं. पहिल्यांदा नुसतीच हवा. मागच्या टेबलावर कोणीतरी हसलं. पुन्हा फुंकलं. एक सूर आला, जाडाभरडा, थरथरता. अंकलनी त्याच्याखाली असे काही स्वर सरकवले की तो सूर एकदम शहाणा वाटायला लागला. दुसरा सूर लावला, तो फाटला. अंकलनी तो फाटलेलाच उचलून कीबोर्डवर तसाच वाकडा वाजवला आणि पुढे वाढवला. माझ्याकडे चारपाच सूर होते. तेवढ्यांत मी फिरत राहिलो, आणि प्रत्येक वेळी मी पाय टाकीन तिथं त्यांनी आधीच फरशी बसवून ठेवलेली असायची. राकेशला जॅझ आवडत नव्हता, पण तोही त्या दिवशी काठ्या ठेवून तारांच्या ब्रशनं इतकं हळू वाजवत होता की जणू घरात कोणी आजारी आहे.

गाणं संपलं. टाळ्या? चार-दोन. समोरच्या एका बाईंनी नवऱ्याला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "पहेले वाला अच्छा था ना?" त्यांचं बरोबर होतं. पहिलावाला खरंच चांगला होता.

हसमुखभाई धावत आले. "अंकल, ये क्या किया? मशीन बिगड़ गया क्या?"

"मशीन ठीक आहे," अंकल म्हणाले. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. "ये बहुत अच्छा आर्टिस्ट आहे. इसको रख लो. हम लोग जाता हाय."

आम्ही आमचं सामान उचललं. राकेशचे ड्रम गाडीत भरले. मग राकेश म्हणाला, "अंकल, नौकरी तो गई." अंकल म्हणाले, "कुठली नौकरी? मी पाच मिनिट अगोदर तर सुरू केली." आणि आम्ही तिघंही रिसॉर्टच्या वाहनतळात मूर्खासारखे हसत सुटलो. मी हसता हसता कवळी हातात काढून घेतली, न जाणो.

रिसॉर्टमध्ये पुढे डीजे आला आणि धंदा वाढला, असं ऐकलं. हसमुखभाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. माणसाला काय हवं असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मला वर्षभरात कवळीशी जुळवून घेता आलं. वरचे सगळे सूर परत आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्यावाचून वाजवायला शिकलो. आम्ही लग्नं केली, कारखान्यांची स्नेहसंमेलनं केली, मंदाच्या शाळेत पोरांसमोर वाजवलं. पोरांनी सॅक्सोफोनपेक्षा कवळी दाखवा म्हणून जास्त आग्रह धरला. दाखवली. त्या दिवसाइतक्या टाळ्या जन्मात मिळाल्या नाहीत.

दमणच्या घराघरांतून लोक पोर्तुगालच्या पासपोर्टवर विलायतेला जातात. लुईस अंकलची मुलगी अशीच तिकडे गेली होती. अंकलचे गुडघे गेल्यावर ती त्यांना घेऊन गेली. निघताना मी बसस्टँडवर काही बोलायची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "भाषण नको मेन. वरचा सी अजून बेसुरा लागते तुझा. तो बघ."

आता आम्ही रविवारी व्हिडिओवर बोलतो. सुरुवातीला एकत्र वाजवायचाही प्रयत्न केला. आवाज तिकडून इकडे पोचायला जरा उशीर लागतो. मी म्हणायचो तुम्ही मागे पडताय, ते म्हणायचे तू पळतोयस. शेवटी दोघांच्याही घरच्यांनी हात जोडले आणि आम्ही ते बंद केलं.

पण सवय जात नाही. संध्याकाळी मी सिल्वासाच्या आमली भागातल्या आमच्या घरी खिडकीशी बसून त्याच जुन्या चाली वाजवतो. माझा भाग वाजवतो आणि थांबतो. मग पुन्हा माझी पाळी आली की सुरू करतो. वरच्या मजल्यावर गाझीपूरचं एक कुटुंब नवीन राहायला आलंय. परवा मी असाच थांबलो होतो, तर तिथली सून कपडे वाळत घालता घालता खाली वाकली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या मंदाला तिनं काळजीनं विचारलं, "आंटी, अंकल बीच बीच में रुक काहे जाते हैं? साँस फूलती है क्या?"

मंदा कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"नहीं बेटा," ती म्हणाली, "अभी पियानो चल रहा है."